वरच्या शेतातलं निंदण

आयर्लंडमध्ये रानफुलं वाढू दिल्याबद्दल सरकार शेतकऱ्याला पैसे देतं, हे मी आमच्या गावात आजवर एकालाही पटवून देऊ शकलेले नाही. काका हसतात. चुलतभाऊ म्हणतो, मग आमचे तणानं माजलेले बांध-धुरे तिकडच्या सरकारला दाखव, करोडपती होऊ. पूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मीही हसले असते. आता त्या विषयावर कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही.

मी रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. नवरा लिमरिकला सॉफ्टवेअरमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. आमच्या ओळखीची मराठी मंडळी शहरात फ्लॅट धरून राहतात, गणपतीला एकमेकांकडे जातात, आणि आम्ही वॉटरफोर्डच्या डोंगराकडच्या खेड्यात भाड्याचं घर का घेतलं हे दर वर्षी नव्यानं विचारतात. उत्तर साधं आहे. शहरातलं भाडं परवडत नव्हतं आणि हे परवडलं. घर एका शेतकरी बाईंचं. त्यांची सासू तिथं राहायची, ती गेल्यावर ते रिकामं पडलं होतं. बाईंचं स्वतःचं घर त्याच गल्लीत थोडं वर, त्यामागे गोठा, आणि गोठ्यामागे चढत गेलेली शेतं. सगळ्यात शेवटच्या, डोंगराला टेकलेल्या शेताला त्या नुसतं वरचं शेत म्हणायच्या.

बाई सत्तरीला आलेल्या, विधवा, उंच, कायम नवऱ्याच्या जुन्या अंगरख्यासारख्या कोटात. बोलणं तोलूनमापून. इथली माणसं अर्धं वाक्य बोलतात आणि उरलेलं समोरच्याला कळलं असं धरून चालतात, आणि या तर त्यातही काटकसर करणाऱ्या. वासरांसाठी काही गाई ठेवल्या होत्या. एकदा मला म्हणाल्या होत्या की गाई मी सवयीनं पाळते, जगते मी चेकवर. चेक म्हणजे सरकारी अनुदान. पैसे केव्हापासून थेट बँकेत जमा होतात, पण त्या त्याला चेकच म्हणायच्या. चेक आला का, चेक कापला का, चेक लांबला का, याच्यावर त्या खेड्याचा हिवाळा ठरतो. आपल्याकडे पावसाबद्दल जसं बोलतात तसं तिकडे लोक चेकबद्दल बोलतात, कारण पाऊस काय, तो रोजचाच.

त्यांचा मुलगा डब्लिनला विमा कंपनीत. त्याला शेती नको होती, पण शेताचे पैसे हवे होते, आणि त्यासाठी त्याच्याकडे तयार उपाय होता. सगळ्या जमिनीवर स्प्रूसची, म्हणजे लाकडासाठी वाढवतात ती सूचिपर्णी झाडं लावायची. कंपनी येते, लावून जाते, सरकार त्याचेही वर्षानुवर्षं पैसे देतं, आणि गाय कधी विते म्हणून कुणाला उठावं लागत नाही. हिशेबानं तो चुकत नव्हता. बाई त्याला म्हणायच्या, माझ्यानंतर खुशाल लाव. पण मुलगे वाट पाहायला तयार नसतात, आणि आईचा खुबा दुखायला लागला की त्यांना जोर चढतो. त्याला थोपवून धरण्यासाठी बाईंकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे वरचं शेत. दर उन्हाळ्यात तिथं सरकारी योजनेचा एक सल्लागार यायचा, शेतात फिरायचा आणि शेताला दहापैकी मार्क द्यायचा. मार्क चांगले असायचे, त्या मार्कांवर पैसे मिळायचे, आणि असे मार्क असलेल्या शेतात झाडं लावायची परवानगी मिळत नाही. झाडांच्या कंपनीला खालचे तुकडे एकटे नको होते. म्हणजे वरचं शेत उभं होतं तोवर बाईंच्या गाई उभ्या होत्या.

हे मला त्यांनी एकदा चहाच्या टेबलाशी, भाकरीसारखा जाड ब्राउन ब्रेड कापता कापता सांगितलं. मार्क कशाचे, ते त्या बोलल्या नाहीत. मी शेत नीट ठेवल्याचे असतील असं समजले. आपल्याकडे तरी मार्क नीटनेटकेपणाचेच असतात.

मग मे महिन्याच्या शेवटी माझे बाबा आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आई जाऊन वर्ष झालं होतं. शेती भाऊ पाहत होता, ओलिताची, चांगली, कुणाचं देणं नाही. भावाला बाबांची लुडबुड नको होती आणि बाबांना हातावर हात ठेवून बसता येत नव्हतं, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आलं. बॅगेत मी मागितलेला गोडा मसाला कमी आणि त्यांचं खुरपं जास्त नीट बांधलेलं होतं. जुन्या धोतराच्या घड्यांत गुंडाळलेलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले, तुह्या अंगणात लागंल.

अंगणात खडी होती. पहिले काही दिवस बाबा खिडकीत बसून पाऊस पाहत राहिले. जेवण अर्धं टाकायचे. नवऱ्यानं टीव्हीवर मराठी चॅनल लावून दिलं, ते त्यांनी बंद केलं. एक दिवस मला म्हणाले, "इथं माणूस दिसभर करते तरी काय?" मी म्हटलं, काम करतो, घरी येतो, झोपतो. ते म्हणाले, मंग मी काय करू. त्या प्रश्नाचा मला रोज कामावर जाताना त्रास व्हायचा.

उत्तर त्यांनीच शोधलं. एका सकाळी ते गल्लीतून वर गेले आणि बाईंच्या हातातली बादली घेतली. बाईंनी ती दिली, एवढंच. पुढे ते रोज जायला लागले. भाषेचं काही अडलं नाही. गाय लंगडतेय हे दाखवायला इंग्रजी लागत नाही, आणि फाटक धरून ठेव हे सांगायला मराठी लागत नाही. बाबा त्यांना बाई म्हणत, आणि त्या इतरांशी बोलताना बाबांना 'युअर मॅन' म्हणत, म्हणजे आपला तो माणूस. आलं घातल्याशिवाय चहा न पिणारे बाबा त्यांच्या हातचा काळपट, कडक चहा पिऊन येत आणि वर कौतुक करत. दोन पोळ्यांच्या तीन झाल्या. रात्री घोरण्याचा आवाज भिंतीपलीकडून यायला लागला तेव्हा मी बाईंना मनातल्या मनात हात जोडले.

जूनमध्ये रॅगवर्टचं काम निघालं. हे एक पिवळ्या फुलांचं, कमरेएवढं वाढणारं तण. गुरांना विषारी. ते शेतात दिसलं तर तपासणीला आलेला माणूस अनुदान कापू शकतो, म्हणून शेतकरी ते फुलायच्या बेताला आलं की उपटून काढतात. बाईंनी बाबांना एक रोप उपटून दाखवलं, गाईकडे बोट केलं, पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं आणि मग खिशातून नसलेला पैसा काढून फेकून दिल्याचा अभिनय केला. बाबांना सगळं कळलं. संध्याकाळी मला म्हणाले, "हे इथल्या लोकायचं गाजरगवत हाय." पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना ओढलं तर मुळासकट येतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. "मुयासकट काढलं पायजे, नाईतं पुन्हा येते," ते जेवताना बजावून सांगत, जणू मी उद्या उपटायला जाणार होते. खालची सगळी शेतं दोघांनी मिळून साफ केली.

त्याच सुमाराला बाईंचं खुब्याचं ऑपरेशन लागलं. कितीतरी काळ यादीत पडलेलं नाव अचानक वर आलं आणि वॉटरफोर्डच्या मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला. ऑपरेशन आणि नंतर बहिणीकडे विश्रांती, म्हणजे काही आठवडे त्या नसणार होत्या. गाई पलीकडच्या शेतकऱ्यानं पाहायच्या असं ठरलं. निघताना त्या आमच्या दारात गाडी थांबवून मला म्हणाल्या की वडिलांना सांग, पिवळं दिसलं तर उपटत राहा. मी तसंच सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि गाडी वळेपर्यंत हात वर धरून उभे राहिले.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. घरातलं कुणी दवाखान्यात पडलं की शेजारची माणसं न बोलावता त्याचं वावर निंदून देतात, म्हणजे शेतातलं सगळं तण खुरपून काढतात. बोलावणं नाही, जेवणावळ नाही, नंतर सांगणंही नाही. दवाखान्यातला माणूस परत येतो आणि त्याला आपलं वावर स्वच्छ दिसतं, बस. आई वर्ध्याच्या दवाखान्यात होती आणि बाबा तिच्या उशाशी होते तेव्हा आमच्या आळीनं आमची कपाशी अशीच निंदली होती. आई तिथंच वारली. बाबा एकटेच परत आले आणि शेतावर गेले. एक तण नव्हतं. धुऱ्यावर बसून ते रडले, हे मला भावानं फोनवर सांगितलं. बाबांनी कधी सांगितलं नाही.

तर आता बाई दवाखान्यात होत्या आणि बाबा त्यांच्या शेजारी होते. त्यात मी एक दिवस जेवताना सहज म्हणून गेले होते की वरच्या शेतामुळेच बाईंची शेती टिकून आहे, तिथं सरकारचा माणूस येतो, मार्क देतो, मार्कांप्रमाणे पैसे मिळतात, आणि पोराला झाडं लावायची आहेत ती त्यामुळेच लावता येत नाहीत. बाबांनी घास थांबवून ऐकलं होतं. ज्या वावरावर बाईचं सगळं अवलंबून आहे ते वावर गवतानं, फुलांनी, काट्यांनी माजलेलं, आणि बाई दवाखान्यात. त्यांनी काय करायला हवं होतं, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

ते रोज सकाळी खुरपं घेऊन, डबा घेऊन, नवऱ्याचे गमबूट घालून वर जाऊ लागले. मी त्याआधीच कामावर निघालेली असायची. संध्याकाळी सांगायचे, आज काटेरी झुडपापर्यंत आलो. आज दगडांच्या ढिगापर्यंत पात नेली. पात म्हणजे निंदणाऱ्यानं एका वेळी धरलेला पट्टा, तो पुरा केल्याशिवाय उठायचं नसतं. मला वाटायचं, वर रॅगवर्ट फारच दिसतंय. त्यांच्या बोटांच्या भेगांत हिरवं काळं बसलेलं असायचं. मी व्हॅसलीन लावून द्यायची आणि रागवायची की वयाचा विचार करा. ते म्हणत, बाई येईपर्यंत झालं पायजे. एकदा त्यांनी एक जुडी आणली, जांभळी गोंडेदार फुलं, पांढरी डेझीसारखी, आणि एक गुलाबी तुरा. "फुलं चांगले हायत, पण तणच ते," म्हणाले. मी ती स्टीलच्या पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली. बरेच दिवस टिकली.

बाई कुबड्या घेऊन परत आल्या. डोंगर चढणं शक्य नव्हतं, त्यामुळे वर त्या गेल्या नाहीत. बाबांनीही काही बोलायचं नाही म्हणून मला ताकीद दिली. मग एका शनिवारी सल्लागार आला. कोवळा तरुण, हातात टॅब, बुटांना लावायच्या जंतुनाशकाची बाटली. बाई त्याच्या जीपमध्ये पुढे बसल्या. बाबा फाटकं उघडायला म्हणून मागे, आणि मलाही त्यांनी ओढून नेलं. "बाईच्या तोंडावरचा आनंद पाह्य," म्हणाले.

शेवटचं फाटक बाबांनी उघडलं आणि बाजूला झाले. शेत नुकत्याच न्हाव्याकडून आलेल्या पोरासारखं दिसत होतं. गवत होतं तसं ठेवलेलं, आणि गवत नसलेलं सगळं गेलेलं. कडेला वाळलेल्या तणाचे ढीग, सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर, जसे ते कपाशीत लावतात. सल्लागार जीपमधून उतरला, काही पावलं चालला, थांबला, पुन्हा चालला. नेहमी तो नागमोडी फिरून मोजत जायचा, असं मला नंतर कळलं. त्या दिवशी मोजायला काही नव्हतं, तरी तो वरच्या टोकापर्यंत जाऊन आला. येताना बुटांकडे पाहत येत होता. बाबा ताठ उभे होते, निकालाला उभं राहावं तसे, आणि त्यांना निकालाची खात्री होती.

त्यानं विचारलं, हे कुणी केलं. बाई जीपमध्ये होत्या, खिडकी उघडी. त्यांनी आधी ढिगांकडे आणि मग बाबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी सांगितलं होतं करायला."

तो म्हणाला, फवारणी केली का. त्या म्हणाल्या, नाही, हातानं. त्यानं पुन्हा एकदा त्या चढावरून नजर फिरवली आणि हळूच तोच शब्द उच्चारला, हातानं. मग त्यानं टॅबवर काहीतरी भरलं.

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून बाबांच्या दंडावर ठेवला. "ग्रँड जॉब," म्हणाल्या. आणि वर थँक यू. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणली बाई. मी म्हटलं, छान काम केलंत म्हणतायत. ते म्हणाले, "मंग. वावर कसं पायजे तं असं पायजे."

फाटक लावायला बाबा मागे राहिले तेव्हा सल्लागारानं मला बाजूला घेऊन सांगितलं. मार्क फुलांचे असतात. किती जातींची, किती ठिकाणी. ती जांभळी, ती पांढरी, तो गुलाबी तुरा, जमिनीलगतची बुटकी पिवळी. हे शेत कधी नांगरलं नव्हतं, कधी खत टाकलं नव्हतं, म्हणून ती तिथं टिकली होती. मी विचारलं की चूक होती, गैरसमज होता, असं लिहिता येणार नाही का. तो म्हणाला, त्या दिवशी शेतात जे असेल त्यालाच मार्क. फुलं परत येतील का म्हटलं तर म्हणाला, मातीत बी असेल तर येतीलही, काही वर्षांत. माणूस वाईट नव्हता. मला मात्र त्याच्या टॅबवर थुंकावंसं वाटलं. उंच पिवळं ठेवलं तर पैसे कापणार, बुटकं पिवळं काढलं तर पैसे कापणार, आणि हे ज्याला कळत नाही तो अडाणी. जन्मभर तण काढून ज्या माणसानं दोन पोरं शिकवली त्याला हे कुणी, कोणत्या भाषेत, कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

दुपारी मी बाईंकडे गेले. बोलायचं ठरवून गेले होते, भरपाईचंही मनात होतं, पण त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. किटली ठेवली. पावसाचं बोलल्या. कपाटातून, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रेसमधून, कप काढायला मला सांगितलं, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. मी शेवटी म्हटलंच की बाबांना कळलं तर त्यांना फार लागेल, पण त्यांना सांगायला हवं.

"त्यांना कळून माझी फुलं परत येणार आहेत का?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्यांना यातलं काही सांगायचं नाही."

मी मान डोलावली. मग त्यांनी माझ्यापुढे ब्रेड सरकवला आणि म्हणाल्या, ग्रँड.

इथं 'ग्रँड' म्हणजे उत्तम नव्हे, हे मला तोवर माहीत झालं होतं. ग्रँड म्हणजे विषय संपला. दोन-तीन दिवसांनी बाबा सकाळी वर गेले आणि लगेच परत आले. गोठ्याच्या फाटकाला साखळी होती. ते म्हणाले, बाई बाहेर गेली वाटते. पण गाडी होती, धुराड्यातून धूर होता. दुसऱ्या दिवशीही साखळी होती. बाई गल्लीतून गाडीनं जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलायच्या, इथला नमस्कार तेवढाच असतो. बाबा दोन्ही हात जोडायचे. असे काही दिवस गेले.

मग त्यांनी मला विचारलं, "माह्यं काई चुकलं का वो?" मला त्यांनी 'वो' म्हटलं, परक्या बाईला म्हणावं तसं, इतके ते गोंधळलेले होते. मी सांगितलं की पाय दुखतोय, डॉक्टरनं विश्रांती सांगितलीय, इथली माणसं दुखण्यात कुणाला भेटत नाहीत. शब्द देऊन बसले होते ना. त्यांनी ऐकून घेतलं. पुढचे आठवडे ते परत खिडकीत बसले. पोळ्या तीनच्या दोन झाल्या आणि मग दीड. एक दिवस मी घरी आले तर ते आमच्या अंगणातल्या खडीतून खुरप्यानं गवताची पाती काढत होते. तिथं पाती होत्याच किती. माझ्या दृष्टीनं त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात वाईट दृश्य ते होतं. वरचं मोकळं शेतसुद्धा नाही.

ते परतले त्या सकाळी आमच्या उंबऱ्यावर चहाच्या फडक्यात गुंडाळलेला ब्राउन ब्रेड होता, अजून कोमट. बाई कुठे दिसल्या नाहीत. बाबांनी तो विमानात हातातल्या पिशवीत नेला आणि नागपूरहून गावापर्यंत नेला. तुकडे करून आळीत वाटला. बाईनं दिला म्हणून सांगितलं. तिकडच्या बाईचं वावर मी निंदून दिलं, हे तर ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

पुढचं सगळं सरळ झालं. त्या वर्षीचा चेक कमी आला. मुलगा कंपनीच्या माणसाला घेऊन आला. कागदोपत्री वरचं शेत आता साधं गवत होतं, त्यात जपण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कुणाकडे कारण नव्हतं. परवानगीला वेळ लागला, सरकारी काम अन् सहा महिने थांब, ते तिकडेही आहेच, पण मिळाली. गाई बाजारात गेल्या. यंत्र आलं, चर खणले, मातीचे उंचवटे केले, प्रत्येकात एक रोप खोचलं. मग पाठीवर टाकी घेतलेली माणसं आली आणि रोपांना गवतानं दाबू नये म्हणून त्यांच्याभोवती तणनाशक मारून गेली. फुलं राखायला पैसे देणारं सरकार आणि हे करायला पैसे देणारं सरकार एकच. दोन्ही योजनांमध्ये पर्यावरण हा शब्द आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, एवढंच मला त्यातलं कळतं.

बाई गल्लीत भेटल्या तेव्हा गाडीची काच खाली करून म्हणाल्या, आता काही करायला नको, सगळं ग्रँड आहे. त्या माझ्यावर एकदा जरी ओरडल्या असत्या, तुझ्या बापानं माझं घर बुडवलं असं म्हणाल्या असत्या, तर मी रडले असते, भांडले असते, काहीतरी झालं असतं. त्यांनी बाबांची लाज राखली आणि मग साखळी लावली, आणि यातलं कोणतं खरं, हे मला त्यांनी कधी कळू दिलं नाही. मला त्यांचा राग येतो. मग माझ्याच रागाची शरम वाटते. बाबांवर तर रागावताही येत नाही. आम्ही अजून त्याच घरात राहतो, कारण भाडं अजूनही परवडतं.

बाबांचा फोन रविवारी येतो, व्हिडिओ कॉल. आधी हवा विचारतात, मग जावयाचं, आणि मग न चुकता बाईचं. परवाच म्हणाले की पाय कसा हाय बाईचा, आणि वरच्या वावरात तण वाढलं असंल आता, कोण निंदते? तिकीट काढलं तर मी येतो म्हणाले, अजून हातात जोर हाय. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. तिथून वरचं शेत सरळ दिसतं. गुडघ्याएवढे स्प्रूस, ओळीत, आणि प्रत्येकाच्या बुडाशी जळक्या रंगाचा गोल. बाबा म्हणाले, दाखव ना जरा. मी म्हटलं धुकं आहे, दिसणार नाही. ऊन पडलेलं होतं.

"पण हाय कसं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "स्वच्छ आहे, बाबा. एक तण नाही."

ते खुशीत हसले आणि मागे उभ्या असलेल्या भावाकडे वळून म्हणाले, "पाह्य. मुयासकट काढलं होतं म्या. पुन्हा थोडीच येते ते."